आकडा सांगताना माप कोणते, तेही सांगा





वार्तापत्राच्या या पानावर आम्ही एरवी शिस्त, वाचन, परीक्षा अशा विषयांवर लिहीत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गणिताच्या आणि विज्ञानाच्या वह्या तपासताना शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य वारंवार ऐकू येते, "उत्तर बरोबर आहे, पण एकक लिहिलेले नाही." विद्यार्थ्याला वाटते, अर्धा गुण गेला, त्यात काय एवढे! आम्हांस मात्र वाटते की त्या अर्ध्या गुणात पुष्कळ काही आहे. आपल्या निपाणी-बेळगाव भागात तर त्यात कधी कधी एका घराची जागाही असते. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. हिशेब पुढे दिला आहे.

आधी आपल्याच घरातला एक दिवस पाहा. दूध लिटरने येते. भाजी किलोने येते. आजी मात्र भाताला तांदूळ मापट्याने काढते. घराचे बांधकाम चालू असेल तर वाळू ब्रासने येते, सिमेंट ५० किलोच्या पोत्याने, सळई मिलिमीटरने, पाण्याचा पाइप इंचाने आणि फरशी चौरस फुटाने. शर्टाचे कापड दुकानात मीटरने घ्यायचे आणि शिंप्याने छाती इंचाने मोजायची. आजीचे लुगडे नऊवारी. हा 'वार' म्हणजे यार्ड, ३ फुटांचा, मीटरपेक्षा साडेआठ सेंटीमीटरने आखूड. बाहेरचे तापमान पेपरात सेल्सिअसमध्ये आणि अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये. पाऊस पेपरात मिलिमीटरने पडतो, पारावर मात्र इंचाने. सोने तोळ्याने बोलायचे आणि पावती ग्रॅमची घ्यायची.

हे सारे आपण सवयीने निभावून नेतो. गवंड्याला सूत आणि मिलिमीटर दोन्ही कळते; तीन सुती म्हटले की तो १० मिलिमीटरची सळई उचलतो. मग अडचण कुठे आहे? अडचण तिथे येते, जिथे दोन मापे जवळजवळ सारखी असतात आणि 'जवळजवळ' हा शब्द कोणी उच्चारत नाही.

आपल्या भागातले सर्वांत मोठे उदाहरण जमिनीचे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड, विंगेट वगैरे अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली शेतजमिनींची मोजणी झाली. तिच्यात इंग्रजांचा एकर घेतला आणि त्याचे ४० गुंठे केले. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. ३३ फूटच का? तर इंग्रज मोजणीदारांची साखळी ६६ फुटांची होती, तिच्या हे निम्मे. विद्यार्थ्यांना हे लक्षात ठेवायला एक सोपी खूण आहे. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे बरोबर ६६ फुटांची असते. खेळपट्टीची निम्मी लांबी घ्या, तिचा चौरस करा, झाला एक गुंठा.

बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात असल्याने गुंठा इथेही तोच रुजला. आज काय स्थिती आहे? कर्नाटकातल्या उताऱ्यावर, ज्याला आपण पहाणी किंवा आरटीसी म्हणतो, क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे असे येते. सोळा आण्यांचा एक गुंठा. रुपयातून आणा १९५७ साली गेला. जमिनीच्या कागदावर तो अजून आहे. सीमेपलीकडे कागल, गडहिंग्लज, चंदगड तालुक्यांत गेलात की सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे येते. तिथून आणखी खाली गोव्यात उतरलात तर जागेचे बोलणेच चौरस मीटरने होते. बेळगावच्या माणसाला तासा-दोन तासांच्या प्रवासात जमिनीच्या तीन भाषा ऐकू येतात.

आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आजोळ सीमेपलीकडे आहे. वडिलांची शेती निपाणीकडे आणि आईच्या वाट्याची कागल तालुक्यात, अशी घरे थोडी नाहीत. बोलताना दोन्हीकडे 'गुंठा' हाच शब्द असतो. सातबाऱ्यावर '४० आर' दिसले की आपण सहज म्हणतो, "म्हणजे एक एकर." पण तसे ते नाही. एक आर म्हणजे १० मीटर गुणिले १० मीटर, १०० चौरस मीटर. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे १० मीटर आणि जवळजवळ ६ सेंटीमीटर. बाजूत चार बोटांचासुद्धा फरक नाही. पण क्षेत्रफळात आर हा गुंठ्यापेक्षा सुमारे साडेबारा चौरस फुटांनी लहान पडतो. ४० आर म्हणजे सुमारे साडेएकोणचाळीस गुंठे.

आता मघाशी सांगितलेला हिशेब करू. १०० गुंठे म्हणजे १,०८,९०० चौरस फूट. १ हेक्टर, म्हणजे १०० आर, भरतो १,०७,६३९ चौरस फूट. फरक १,२६१ चौरस फुटांचा. आपल्याकडे घरासाठी जो तीस बाय चाळीसचा प्लॉट म्हणतात, तो १,२०० चौरस फुटांचा असतो. म्हणजे 'गुंठा काय आणि आर काय, एकच' असे म्हणून कोणी व्यवहार केला, तर हेक्टरामागे एका घराची जागा कोणाच्या तरी हातून निसटते. देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या. आणि त्यात कोणी लबाडी केलेली असेलच असेही नाही.

दुसरा खड्डा याहून खोल आहे, आणि त्यात शिकलेली माणसे जास्त पडतात. दोन एकर पंधरा गुंठे हे घाईत '२.१५' असे लिहिण्याची पद्धत आहे. लिहिणाऱ्याच्या मनात तो टिंब म्हणजे नुसती खूण असते. पण मुलगा मोबाईलवर २.१५ दाबतो तेव्हा यंत्र त्याला दशांश चिन्ह समजते. एकराचे ४० गुंठे असल्याने २.१५ एकर म्हणजे २ एकर ६ गुंठे. प्रत्यक्षात जमीन होती २ एकर १५ गुंठे, म्हणजे दशांशात २.३७५ एकर. एका टिंबाने ९ गुंठे गेले! भावाभावांच्या वाटणीत ९ गुंठे म्हणजे काय, हे आम्ही पालकांना सांगण्याची गरज नाही. बांधावरून बोलणे बंद झालेली घरे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत.

क्रिकेट पाहणाऱ्या मुलांना हे चटकन समजते. ४.३ षटके म्हणजे साडेचार षटके, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही, कारण षटकात सहा चेंडू असतात हे त्यांच्या अंगात भिनलेले असते. मात्र तोच मुलगा आपली उंची ५.५ फूट अशी लिहितो, तेव्हा त्याला पाच फूट पाच इंच म्हणायचे असते की पाच फूट सहा इंच, हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. फुटात इंच बारा, षटकात चेंडू सहा, एकरात गुंठे चाळीस, गुंठ्यात आणे सोळा. टिंब दिसायला सगळीकडे सारखाच. त्याच्या उजवीकडचा आकडा कशाचा आहे, हे एककाशिवाय कळत नाही.

सोन्याचीही गोष्ट अशीच आहे. जुना तोळा १२ माशांचा, मासा ८ गुंजांचा. ग्रॅममध्ये तो ११.६६ भरतो. आज बाजारात तोळा म्हटले की १० ग्रॅम समजतात. आजीने "हा हार दहा तोळ्यांचा" असे सांगून ठेवलेले असेल, तर जुन्या तोळ्याने तो ११६ ग्रॅमहून थोडा जास्त भरायला हवा. काट्यावर तो बरोबर १०० ग्रॅम भरला तर "दहा तोळे पुरे आले" म्हणून समाधान मानायचे की उरलेले साडेसोळा ग्रॅम कुठे गेले ते विचारायचे? कदाचित आजीनेच नव्या तोळ्याने सांगितले असेल. पण विचारायला तरी यायला हवे.

आणि पाणी! पावसाळ्यात आपला सगळा भाग नद्यांकडे डोळे लावून बसतो. वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून आपल्याकडे येतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुराची आठवण नदीकाठच्या मुलांना आहे. त्या दिवसांत बातम्यांमध्ये काय येत होते ते आठवा. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी फुटांत. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. धरणातला साठा टीएमसीमध्ये. विसर्ग क्युसेकमध्ये. पाऊस मिलिमीटरमध्ये. आणि आलमट्टीची पातळी मीटरमध्ये, ५१९.६०. एकाच पाण्याची पाच मापे. ती कानावर पडतात. पण पाणी आपल्या गल्लीपर्यंत येणार का, हे त्यांतून किती जणांना उमगते?

थोडे समजून घेऊ. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. दोन घागरी भरून वाहतील एवढे. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष, अर्थात १०० कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की कळते, ११,५७४ क्युसेकने पाणी दिवसभर सोडत राहिले तर एक टीएमसी जाते. एवढे सूत्र आठवीच्या मुलाला येत असेल, तर बातमी ऐकून तो घरच्यांना सांगू शकेल की सुमारे २५ टीएमसीच्या काळम्मावाडी धरणातून अमुक विसर्ग चालू आहे म्हणजे दिवसाला किती पाणी खाली येते आहे. भीती आणि अफवा या दोन्हींवर हिशेब हे चांगले औषध आहे.

आलमट्टीच्याच बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. या धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा प्रश्न दोन्ही राज्यांत वर्षानुवर्षे गाजतो आहे; २०१० साली कृष्णा पाणीतंटा लवादाने ही वाढीव पातळी मान्य केली होती. त्या वादात आम्हांस इथे पडायचे नाही. आम्ही फक्त विद्यार्थ्यांना विचारतो, ५२४ नाही, ५२५ नाही, ५२४.२५६ असा विचित्र आकडा का? त्याला ०.३०४८ ने भागून पाहा. उत्तर येते १७२०, बरोबर १७२० फूट, ना कमी ना जास्त. फुटांत तो आकडा सरळ आहे. मीटरचा सदरा घातल्यावर तो असा दिसू लागला. माप बदलले तरी जुने माप नव्या आकड्याच्या आत बसून राहते, याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हांस सापडला नाही.

हा गोंधळ आला कुठून, हेही मुलांना माहीत असावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. रुपयाचे चौसष्ट पैसे होते ते शंभर झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर आणि मण जाऊन किलो येऊ लागला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचे राज्य, नाणे आणि वजन अशा तिन्ही गोष्टी दोन वर्षांत बदलल्या. तरीही त्या पिढीने बाजार चालवला, तंबाखू विकला, लेकींची लग्ने केली. त्यांना ते जमले, कारण त्यांना दोन्ही मापे तोंडपाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे त्यांनी शाळेत घोकले होते. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिकडे 'सवैया' आणि 'अढ़ैया' म्हणत. नावे वेगळी, डोके एकच. शेराचे, आण्याचे भाग निम्म्या-निम्म्याने होत, म्हणून हे पाढे होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. यात अडाणीपणा नव्हता. काटा नसलेल्या माणसालाही ढिगाचे दोन सारखे भाग करता येतात, त्यावर रचलेली ती व्यवस्था होती.

पण त्या व्यवस्थेचा दोषही सांगितला पाहिजे. गावोगावची पायली वेगळी असे. भरण्याचा शेर निराळा आणि वजनाचा शेर निराळा. उत्तरेत बिघ्याची हीच तऱ्हा. एका जिल्ह्यातला बिघा दुसऱ्या जिल्ह्यात गेला की लहान-मोठा होतो. मापट्यात तांदूळ भरले तर वजन एक आणि पोहे भरले तर भलतेच. अशा वेळी माप ज्याच्या हातात, त्याचे राज्य. बाहेरगावचा, गरीब, निरक्षर माणूस त्यात हमखास नागवला जाई. किलो आणि मीटर यांचे खरे मोल इथे आहे. बेळगावच्या रविवार पेठेतला किलो आणि दिल्लीतला किलो सारखाच. म्हणून दशमान पद्धत हा आम्हांस केवळ सोयीचा नव्हे, न्यायाचाही प्रश्न वाटतो.

यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, "मग जुनी मापे मुलांच्या कानावरच घालू नका. कायद्यानेही ती चालत नाहीत." कायद्याचे म्हणणे खरे आहे. १९५६ चा वजन-मापांचा कायदा आणि त्यानंतरचा २००९ चा, १ एप्रिल २०११ पासून अमलात आलेला वैध मापन कायदा, दोन्ही दशमान पद्धतच मानतात. पण कायदा दुकानदाराच्या काट्यावर चालतो. आजीच्या बोलण्यावर, बापजाद्यांच्या दस्तावर, गवंड्याच्या टेपवर तो चालत नाही. इतकेच काय, सरकारी उताऱ्यावरच गुंठे आणि आणे छापून येतात. मुलांना फक्त मीटर शिकवून घरी पाठवले, तर स्वतःच्याच जमिनीचा कागद त्यांना वाचता येणार नाही.

दुसरी मंडळी म्हणतात, "एवढा त्रास कशाला? मोबाईल आहे की. तोच करून देतो." मोबाईल जरूर करून देतो. पण आपण त्याला अगोदर काय सांगतो यावर सारे आहे. वर २.१५ चे काय झाले ते पाहिलेच. यंत्र भागाकार चुकवत नाही. आपला प्रश्न चुकीचा असेल तर चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देते.

असे मोठमोठ्यांच्या बाबतीतही घडले आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या एका नव्या बोइंग विमानात इंधन भरायचे होते. तो देशही तेव्हा जुन्या मापांकडून दशमान पद्धतीकडे चालला होता. विमानाचे इंधनदर्शक बंद असल्याने हिशेब हाताने केला गेला. हवे होते २२,३०० किलो. टाकीत होते ७,६८२ लिटर. लिटरचे वजन काढण्यासाठी १.७७ या आकड्याने गुणले गेले. पण १.७७ हे लिटरचे वजन पौंडांत होते. किलोत ते ०.८ च्या आसपास आहे. कोणी विचारले नाही की हे १.७७ कशाचे? सुमारे २०,००० लिटर भरायच्या ऐवजी ५,००० लिटरहूनही कमी भरले गेले, आणि ४१,००० फुटांवर विमानाची दोन्ही इंजिने इंधनाअभावी बंद पडली. वैमानिकांनी ते इंजिनाविना तरंगत गिमली नावाच्या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. पुढे १९९९ साली मंगळाकडे पाठवलेले अमेरिकेचे एक यान असेच हरवले. एका गटाचे आकडे पौंडांच्या हिशेबाचे आणि दुसऱ्याने ते न्यूटनचे समजलेले. ही सगळी माणसे आपल्यापेक्षा कमी शिकलेली नव्हती. गुणाकारही त्यांचे बरोबर होते. आकड्यापुढचे नाव तेवढे तपासायचे राहिले.

घरातला धोका एवढा मोठा नसतो, पण असतो. "ताप अडतीस आहे" असे ऐकून एखाद्या आजोबांना वाटेल, पोर गार पडले की काय. आणि शंभर ऐकून नातीला वाटेल, पाणी उकळते तितके! ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट, दोन्ही एकच ताप. आजचे डिजिटल तापमापक बटण दाबले की माप बदलते, म्हणून आकड्यापुढचे अक्षर पाहण्याची सवय हवी. औषधाच्या बाटलीवर ५ मिलिलिटर लिहिलेले असते आणि आपण स्वयंपाकघरातला हाताला येईल तो चमचा घेतो. लहान मुलाच्या बाबतीत ही हयगय नको. बाटलीबरोबर आलेले खुणांचे टोपणच वापरावे, अशी आमची सर्व माता-पालकांना विनंती आहे.

मग करायचे काय? आमचे मत स्पष्ट आहे. व्यवहार दशमान पद्धतीनेच करावा; पण जुनी मापे समजून घ्यावीत, आणि कोणताही आकडा एककाशिवाय बोलू नये, लिहू नये, स्वीकारू नये. ही सवय शाळेत लागली तरच पुढे टिकेल. त्यासाठी काही गोष्टी आम्ही सुचवतो.

पहिली गोष्ट वहीतली. एकक नसलेले उत्तर अपूर्ण मानले जाईल. पालकांनी त्या अर्ध्या गुणासाठी शिक्षकांशी वाद घालू नये. तो अर्धा गुण मुलाच्या हिताचाच आहे.

दुसरी गोष्ट मैदानावरची. मैदानाच्या एका कोपऱ्यात चुन्याने ३३ फुटांचा चौरस आखावा आणि त्याच्याच आत, एकाच कोपऱ्यापासून, १० मीटरचा चौरस. एक गुंठा, एक आर. मधली चिंचोळी पट्टी मुलांनी स्वतः टेपने मोजावी आणि तिचे क्षेत्रफळ काढावे. पुस्तकातल्या दहा उदाहरणांनी जे होत नाही ते त्या पट्टीने होईल. विश्वस्त मंडळींना विनंती की दोन्ही बाजूंना वेगवेगळी मापे असलेल्या काही लांब टेप आणि एक चांगला काटा शाळेला मिळवून द्यावा. खर्च थोडा आहे.

तिसरी गोष्ट कागदाची. नववी-दहावीच्या मुलांना कर्नाटकाचा उतारा आणि महाराष्ट्राचा सातबारा, दोन्हींचे नमुने, नावे झाकून, वर्गात वाचायला द्यावेत. आपला उतारा कानडीत असतो. एकरे, गुंटे, आणे हे शब्द कानडीतही जवळजवळ तेच आहेत. थोडे लक्ष दिले तर आपल्या मुलांना ते अवघड नाही. मायमराठीवर प्रेम करावे आणि घरचा कागदही वाचता यावा, यात काही विरोध नाही. जो स्वतःचा कागद वाचू शकत नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

चौथी गोष्ट घरातली, आणि ती सर्वांत गोड आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसून घरातली जुनी मापे लिहून काढावीत. मापटे, शेर, अधोली घरात असेल तर त्यात तांदूळ, ज्वारी, शेंगदाणे एकेकदा सपाट भरून काट्यावर तोलावे आणि वजन ग्रॅममध्ये टिपावे. आजोबांना विचारावे, तंबाखूचे वजन पूर्वी कसे होई, मण किती शेरांचा धरत, विहिरीचे पाणी किती परस खोल होते. हे ज्ञान पुस्तकात नाही, आणि सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. मुलांनी आणलेल्या नोंदींतून निवडक नोंदी आम्ही पुढील अंकात अवश्य छापू.

शेवटी विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या मुलांना सगळ्याच गोष्टी दुप्पट शिकाव्या लागतात. भाषा दोन, कागद दोन तऱ्हांचे, मापे दोन. याचे ओझे वाटणे साहजिक आहे. परंतु ज्याला दोन्ही मापे येतात त्याला कोणी सहज फसवू शकत नाही, आणि तो दुसऱ्याची फसवणूकही थांबवू शकतो. उद्या घरात वाटणीचे, खरेदीचे, बांधकामाचे बोलणे चालले असेल, तेव्हा आपल्या शाळेतल्या मुलाने किंवा मुलीने अदबीने एवढेच विचारावे, "काका, हे चाळीस म्हणजे चाळीस गुंठे की चाळीस आर?" मोठ्यांनीही "तुला काय कळते" असे न म्हणता उत्तर द्यावे. त्या एका प्रश्नाने एखाद्या घरातला बांधावरचा तंटा टळला, तरी त्या अर्ध्या गुणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

पालकांनी आणि विश्वस्तांनी या विषयावर आपली मते जरूर कळवावीत. वेगळे मत असेल तर तेही कळवावे. त्याचे स्वागतच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मुख्याध्यापक